चित्रशाळेच्या संगणकासाठी आयडीई निवडताना : डिचोलीतले एक प्रकरण

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका चित्रशाळेत दर चवथीला अडीचशेच्या आसपास मातीच्या गणेशमूर्ती होतात. काम घरचेच आहे. वडील आणि काका मूर्ती घडवतात, श्रावण लागला की रंगाला शेजारची मुले येतात. नोंदणी एका लांबट लाल वहीत. धाकटा मुलगा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होता. २०२४ च्या सुरुवातीला त्याने ठरवले की या वहीचा प्रोग्राम करायचा, आणि तो ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीनेच, म्हणजे प्रत्येक वस्तू तिच्या माहितीसकट आणि कामांसकट एक ऑब्जेक्ट म्हणून मांडून, करायचा. तो माझ्याकडे शिकवणीला यायचा. त्याचा प्रश्न सरळ होता : "सर, कशात करू? जावा, सी शार्प की पायथन?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो नेहमी भाषेचा म्हणूनच विचारला जातो. एकट्याने, घरच्या संगणकावर, घरच्या कामासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्याचे सुखदुःख मात्र भाषेपेक्षा आयडीईवर, म्हणजे प्रोग्राम जिथे लिहायचा, तपासायचा आणि चालवायचा त्या साधनावर, जास्त ठरते. कोड कुठे लिहायचा, क्लास म्हणजे ऑब्जेक्टचे साचे कसे दिसतात, चूक कशी सापडते, तयार झालेला प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर कसा न्यायचा आणि वर्षभराने पुन्हा उघडला तर तो कम्पाइल होतो का, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार होतो का, हे सगळे त्यात आले. ऑब्जेक्ट ओरिएंटेड विचार आणि असे एन्व्हायर्नमेंट ही जोडी जुनीच आहे. क्लास आणि ऑब्जेक्ट आले नॉर्वेतल्या सिम्युला ६७ या भाषेतून. पण झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के, डॅन इंगल्स, अ‍ॅडेल गोल्डबर्ग यांच्या गटाने स्मॉलटॉक घडवले तेव्हा भाषा आणि ती लिहायची जागा वेगळी ठेवलीच नाही. क्लास ब्राउझर, इन्स्पेक्टर, एकावर एक सरकणाऱ्या खिडक्या हे सगळे त्या भाषेचेच अंग होते. म्हणून मी त्याला सांगितले की भाषा नंतर बघू, आधी काम आणि यंत्र दोन्ही नीट पाहून ये.

काम

बाहेरून पाहिले तर काम साध्या नोंदणीचे. गिऱ्हाईक येते, मूर्तीची उंची आणि ठेवण सांगते, आगाऊ रक्कम देते, चवथीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी मूर्ती घेऊन जाते. पण गोव्यात गिऱ्हाईक आपला पाट घेऊन येते. घरचा लाकडी पाट महिना-दोन महिने आधी चित्रशाळेत पोचतो आणि मूर्ती त्याच्यावरच बसते. पाटाच्या रुंदीवर मूर्तीची बैठक ठरते. मखराची आणि वर बांधलेल्या फळा-पानांच्या माटोळीची उंची घरात ठरलेली असते, म्हणून बहुतेकांचे सांगणे एकच : गेल्या वर्षीएवढीच.

आता यातली अडचण. आपल्याकडे पुष्कळ कुटुंबांची चवथ मूळ घरी होते आणि खर्चाची पाळी भावाभावांत फिरते. या वर्षी पाट घेऊन थोरला येतो, पुढच्या वर्षी धाकटा, तिसऱ्या वर्षी मुंबईहून आलेला पुतण्या. नाव वेगळे, फोन वेगळा, पाट तोच. वडिलांची वही गिऱ्हाइकाच्या नावाने लावलेली होती, पण ते स्वतः तिच्यात तसे शोधतच नव्हते. ते पाट उलटा करत, खाली ऑइल पेंटने लिहिलेला नंबर पाहत आणि मागच्या वर्षीचे पान काढत. मुलाने विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाट ओळखीचा आहे ना? मग घेऊन कोण आला त्याच्यावर जाऊ नकोस."

माझ्या मते या प्रकरणातले सगळ्यात मोलाचे वाक्य हे आहे. कुठल्याही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा त्या मुलाला ऑब्जेक्ट म्हणजे काय ते यातून कळले. फक्त ते लगेच कळले नाही.

यंत्र

घरातला संगणक जुना होता. दोन कोरचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क, ६४ बिटचे विंडोज १०. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, तेही घराच्या पुढच्या खोलीतच. पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि चित्रशाळेचा हंगाम म्हणजे नेमका आषाढ-श्रावण.

याशिवाय एक अट कुणी कागदावर मांडली नव्हती, पण निर्णयात तीच सगळ्यांत जड ठरली. हा प्रोग्राम वर्षातले दोन-तीन महिने चालणार आणि बाकीचे महिने बंद राहणार. कंपनीत रोज उघडले जाणारे सॉफ्टवेअर आणि हे सॉफ्टवेअर यांच्या गरजा एक नाहीत. मधल्या काळात जे आपोआप बदलते, ज्याचा परवाना संपतो, जे पहिल्याच बिल्डला इंटरनेटवरून वीस गोष्टी मागते, ते पुढच्या आषाढात ऐन गर्दीत अडून बसणार. मुलगा तोवर नोकरीला लागून वेर्ण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असला तर फोनवरून काय दुरुस्त करणार?

पर्याय

टर्बो सी++ त्याच्या हातातले होते, कारण महाविद्यालयात तेच होते. बोरलँडचे हे साधन १९९० चे. त्या काळी त्याने घरोघरच्या संगणकांवर क्लास आणि ऑब्जेक्ट पोचवले, त्याचा मान मला आहेच. पण ते विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीचे. ६४ बिटचे विंडोज १६ बिटचे प्रोग्राम चालवत नाही, म्हणून त्याला डॉसचे सोंग घेणाऱ्या डॉसबॉक्सचा आधार लागतो. सी++ ची पहिली आंतरराष्ट्रीय प्रमाण आवृत्ती १९९८ ची, म्हणजे टर्बोमध्ये शिकलेले सी++ त्याच्या आधीचे. आणि तिथे देवनागरी नाही. ज्या वहीतली सगळी नावे देवनागरीत आहेत तिच्यासाठी हा पर्याय विचारात घेण्याचेही कारण नव्हते.

व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ आणि सी शार्प हे साधन म्हणून उत्तम आहे. एकट्या माणसाला कम्युनिटी आवृत्ती फुकट मिळते. मायक्रोसॉफ्ट किमान ४ जीबी रॅम सांगते आणि शिफारस १६ जीबीची करते. आमच्या यंत्राकडे नेमके किमान तेवढेच होते, वर डिस्क जुन्या पद्धतीची. कित्येक जीबी हॉटस्पॉटवरून उतरवायचे म्हणजे तो खर्च वेगळा. मित्राच्या लॅपटॉपवर त्याने ते वापरले आणि त्याला ते आवडलेही. घरच्या यंत्रावर मात्र एक बटण दाबून वाट पाहत बसायची पाळी आली असती, आणि वाट पाहावी लागली की शिकणारा माणूस प्रयोग करणे सोडतो. माझ्या लेखी हा दोष मोठा आहे.

पायथन त्याने स्वतःहून बाजूला ठेवले. भाषा त्याला येत होती, पण खिडक्या, छपाई, डेटाबेस यांसाठी वेगवेगळी पॅकेजेस जमवून त्यांच्या आवृत्त्या सांभाळायच्या हे त्याला नको होते.

फारोवर मी बराच वेळ घालवला. फारो हे स्मॉलटॉकच्या घराण्यातले, २००८ मध्ये स्क्वीक या स्मॉलटॉकपासून वेगळे झालेले. डाउनलोड लहान, चालते हलके आणि ४ जीबीत अगदी सुखाने. प्रोग्राम चालू असतानाच त्याचा क्लास बदला, ऑब्जेक्ट उघडून आत पाहा, चूक झाली तर डीबगरमध्येच, म्हणजे चूक शोधायच्या खिडकीतच, मेथड (ऑब्जेक्टने करायचे काम) लिहून पुढे जा. ऑब्जेक्टचा विचार शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. तरी या कामासाठी मी नको म्हटले, दोन कारणांनी. पहिले, आमच्या चाचणीत पडद्यावर देवनागरी जोडाक्षरे जुळून येईनात. दुसरे, फारोत सगळे जग एका इमेज फाइलमध्ये राहते. कोडमधले बदल वेगळ्या फाइलीत नोंदले जातात, त्यामुळे कोड परत मिळवता येतो. पण इमेज जतन करण्याआधी वीज गेली तर त्या सकाळी नोंदवलेले पाट गेले. म्हणजे डेटाबेस वेगळा जोडणे आलेच, आणि मग इमेजची मुख्य सोय उरत नाही.

डेल्फीचा विचार ओघाने आला. बोरलँडचेच, १९९५ चे, अँडर्स हेल्सबर्ग यांच्या हातचे. त्याचीही कम्युनिटी आवृत्ती फुकट आहे, पण परवाना वर्षभराचा आणि मग नव्याने घ्यायचा. वर्षातून एकदा उघडायच्या कामाला हे अजिबात सोयीचे नाही. त्याच वळणाचे मुक्त साधन म्हणजे फ्री पास्कल कम्पायलरवर उभे असलेले लाझारस. प्रकल्प १९९९ पासून चालू आहे. इन्स्टॉलर दोनशे एमबीच्या आसपास आणि एकदा उतरवला की पुढे इंटरनेट नको. विंडोजवर ते विंडोजचीच बटणे आणि चौकटी वापरते, म्हणून देवनागरी जशी इतरत्र दिसते तशीच दिसते. तयार होते ती एक एक्झी फाइल.

जावाच्या बाजूला नेटबीन्स आणि ब्लूजे. नेटबीन्स घरच्या यंत्रावर उघडे, पण सावकाश. नवा प्रकल्प मेव्हन या बिल्डच्या साधनाचा केला तर पहिल्याच वेळी इंटरनेट मागे. ब्लूजे मात्र वेगळ्या कारणाने आमच्या उपयोगी पडले.

ब्लूजेमध्ये वही मांडून पाहिली

ब्लूजे ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठात मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी विद्यार्थ्यांसाठी केले, १९९९ मध्ये. उघडल्यावर समोर कोड येत नाही, क्लासच्या चौकटी येतात आणि त्यांच्यातले बाण. चौकटीवर उजवे बटण दाबले की त्या क्लासचा ऑब्जेक्ट तयार होतो आणि खालच्या पट्टीवर लाल पेटी होऊन बसतो. त्या पेटीवर उजवे बटण दाबून कुठलीही मेथड चालवा, आत काय साठले आहे ते पाहा. यात फॉर्म नाहीत, बटणे नाहीत, रंगीत पडदे नाहीत. म्हणूनच मी सांगितले की प्रोग्राम कशातही कर, पण क्लास आधी इथे मांड.

जावामध्ये क्लासचे नाव देवनागरीत ठेवता येते, त्यामुळे पडद्यावर खरोखरच 'मूर्ती', 'गिऱ्हाईक', 'पाट' अशा चौकटी आल्या. त्याने पहिली मांडणी केली ती परीक्षेच्या वळणाची. वर 'मूर्ती', तिच्यापासून इनहेरिट झालेले, म्हणजे तिचे गुण वारशाने घेणारे, 'बैठी मूर्ती', 'उभी मूर्ती', 'सिंहासनावरची मूर्ती'. पाट हा मूर्तीच्या आतला एक आकडा. महाविद्यालयात इनहेरिटन्सवर प्रश्न हमखास येतो, म्हणून मुले तो आधी वापरतात.

मी त्याला वहीतले एक खरे पान चालवून पाहायला सांगितले. गिऱ्हाइकाने आषाढात बैठी मूर्ती सांगितली आणि आठ दिवसांनी निरोप पाठवला की नको, सिंहासनावरची करा. लाल पेटी समोर होती. तिचा क्लास बदलता येत नाही. जुना ऑब्जेक्ट टाकून नवा करावा लागला आणि त्यात आगाऊ रक्कम, तारीख, पाटाची रुंदी पुन्हा भरावी लागली. दोनदा भरल्यावर त्यानेच म्हटले की ठेवण हा वेगळा क्लास नाही, तो मूर्तीचा एक गुण आहे. तिन्ही चौकटी पुसल्या.

दुसरे पान होते फिरत्या पाळीचे. थोरल्या भावाने गेल्या वर्षी नोंदवलेली मूर्ती या वर्षी धाकट्याच्या नावावर. गिऱ्हाइकाच्या पेटीतून जुनी उंची मिळेना, कारण ती पेटीच दुसरी. इथे वडिलांचे वाक्य कामाला आले. 'पाट' स्वतंत्र क्लास झाला आणि मध्ये आला. पाटाला दर वर्षीची एक मूर्ती, मूर्तीला त्या वर्षी नोंदवणारा माणूस. माणूस बदलला तरी पाटाकडे त्याचा सगळा इतिहास आहे.

तिसरे पान मला सगळ्यांत आवडले. मग पाटाचा नंबर हीच पाटाची ओळख धरावी का? वडील तर नंबर पाहूनच शोधतात. पण एक कुटुंब दुसऱ्या गावच्या चित्रशाळेतून इकडे आले, तेव्हा त्यांच्या पाटाखाली तिथला १४ नंबर आधीच रंगवलेला होता, आणि इथे १४ नंबरचा पाट वेगळाच. ब्लूजेमध्ये त्याने नंबर १४ चे दोन पाट तयार केले. आत डोकावले तर नंबर सारखा, पेट्या दोन. सारखे असणे आणि तेच असणे यांतला फरक पुस्तकात एका परिच्छेदात असतो आणि मुलांच्या डोक्यावरून जातो. इथे तो पट्टीवर शेजारी शेजारी दिसत होता. मग पाटाला प्रोग्रामने स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि रंगवलेला नंबर हा फक्त शोधायला, असे ठरले.

लाझारस का

ब्लूजेत नक्की झालेले क्लास जावातच पुढे न्यायचे की नाही यावर आमचा वाद झाला. त्याचे म्हणणे, पास्कल आता कोण विचारतो, नोकरीला जावा लागेल. मुद्दा खरा होता. मी म्हटले, नोकरीसाठी जावा शिकतच राहा, पण चित्रशाळेला पुढच्या आषाढात चालणारी एक्झी लागेल. वडिलांच्या पुढ्यात ठेवायची ती वस्तू ही एकच. जावाच्या प्रोग्रामबरोबर जावा स्वतः सांभाळावी लागते, तिच्या आवृत्त्या आल्या. लाझारसची एक फाइल, शेजारी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची डीएलएल फाइल आणि डेटाची एक फाइल, असे तीन नग पेन ड्राइव्हवर घेतले की काम झाले. त्याने दोन्हीत एकेक फॉर्म करून पाहिला आणि घरच्या यंत्रावर बटण दाबल्यापासून खिडकी उघडेपर्यंतचा फरक पाहून स्वतःच निर्णय घेतला.

लाझारसचा धोका मी आधीच सांगून ठेवला. फॉर्मवर बटण ठेवायचे, त्यावर दोनदा क्लिक करायचे आणि समोर आलेल्या प्रोसीजरमध्ये सगळे लिहून टाकायचे, हे तिथे इतके सोपे आहे की बघता बघता सगळा व्यवहार फॉर्मच्या पोटात जातो. भाषा ऑब्जेक्ट ओरिएंटेड, आयडीई ऑब्जेक्ट ओरिएंटेड, आणि प्रोग्रामात आपला म्हणावा असा एकही ऑब्जेक्ट नाही, असे कोड मी पुष्कळ तपासले आहेत. म्हणून एक नियम केला : पाट, मूर्ती, गिऱ्हाईक हे क्लास एका वेगळ्या युनिटमध्ये, म्हणजे कोडच्या वेगळ्या फाइलीत, आणि त्या युनिटच्या यूझेस ओळीत (इतर कुठली युनिटे वापरायची त्या यादीत) फॉर्मशी संबंधित एकही युनिट नको. तसे कम्पाइल झाले तरच पुढे. क्लासची नावे मात्र रोमन लिपीत आली, कारण फ्री पास्कल ती देवनागरीत घेत नाही. ब्लूजेतल्या चौकटींचे चित्र छापून त्याने संगणकाच्या वर भिंतीला लावले.

तांत्रिक खाचखळगे तीन ठिकाणी लागले आणि ते देवनागरीत काम करणाऱ्या प्रत्येकाला लागतील.

लाझारसमध्ये स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, यूटीएफ-८ या पद्धतीने बाइटमध्ये साठवलेली असते. 'पाट' या शब्दाची लांबी साध्या लेंग्थ फंक्शनला विचारली तर उत्तर ९ येते, कारण प, काना आणि ट यांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. जावात हेच उत्तर ३ आहे. पावतीवर नाव बसावे म्हणून त्याने ठराविक लांबीवर कापले आणि शेवटच्या अक्षराच्या जागी चौकोन छापले गेले. बाइट मोजण्याऐवजी यूटीएफ-८ साठी असलेली वेगळी फंक्शने वापरल्यावर ते थांबले.

दुसरे, कऱ्हाडे हे आडनाव शोधले तर निम्म्या नोंदी येत. चंद्रकोरीसारखा तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो : खाली टिंब असलेला र आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, आतले कोड वेगळे. नोंद साठवतानाच दुसऱ्या प्रकारचे पहिल्यात रूपांतर करणारी एक छोटी मेथड लिहावी लागली. ती गिऱ्हाइकाच्या क्लासमध्ये एकाच जागी असल्यामुळे काम एका जागी संपले. फॉर्मवरच्या पाच चौकटींत वेगवेगळे लिहिले असते तर एक तरी सुटली असती.

तिसरे, चाचणीच्या नोंदी पडद्यावर दिसत आणि प्रोग्राम बंद करून उघडला की गायब होत. लाझारसच्या एसक्यूएलडीबी या डेटाबेस घटकांमध्ये बदल आधी अप्लाय आणि मग ट्रान्झॅक्शन कमिट, म्हणजे पक्के, करावे लागते, ते राहिले होते. प्रत्येक पाटाच्या नोंदीनंतर लगेच कमिट, असे केले. विजेच्या दृष्टीनेही हेच बरे. मधेच वीज गेली तर एसक्यूलाइट पुढच्या वेळी उघडताना अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेते आणि आधीचे सगळे जागेवर असते. २०२४ च्या हंगामात वीज बरेचदा गेली, जास्तीत जास्त एखादी चालू नोंद पुन्हा करावी लागली.

फ्री पास्कलमध्ये तयार केलेला ऑब्जेक्ट काम संपल्यावर मेमरीतून आपणच मोकळा करायचा असतो. जावातून आलेल्याला ही सवय नसते. हीपट्रेस हे तपासणीचे साधन चालू ठेवले की प्रोग्राम बंद होताना किती ब्लॉक मोकळे करायचे राहिले ते सांगते. त्याने ते पहिल्या दिवसापासून चालू ठेवले, हे चांगले केले.

दोन हंगाम

२०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती, २०२५ ची २७ ऑगस्टला. पहिल्या वर्षी लाल वही आणि प्रोग्राम बरोबरीने चालले, वडिलांची तशी अटच होती. दुसऱ्या वर्षी हंगाम अकरा दिवस आधी आला. चवथीची तारीख प्रोग्रामने काढायची नाही, दर वर्षी पंचांग पाहून एका चौकटीत भरायची, असे आधीच ठरले होते, म्हणून 'किती दिवस उरले' हा तक्ता आपोआप बरोबर आला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे आणि चवथ १४ सप्टेंबरला. तिथेही एक तारीख भरण्यापलीकडे काही करायचे नाही.

खरी परीक्षा होती मधल्या बंद महिन्यांची. मुलगा तोवर नोकरीला लागला होता. काकांनी संगणक चालू केला, प्रोग्राम उघडला, पाटाचा नंबर टाकला आणि गेल्या वर्षीची उंची समोर आली. १४ नंबरला दोन पाट आले आणि कोणता ते रुंदीवरून ओळखता आले. दिवाळीनंतर मुलाने एक बदल सुचवला : पाळीने येणाऱ्या सगळ्या भावांचे फोन पाटाजवळच दिसावेत. लाझारस उघडून, पाटाच्या क्लासमध्ये एक मेथड घालून त्याने तो रविवारच्या रविवारी केला. जुना कोड एक ओळ न बदलता कम्पाइल झाला.

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि हे यंत्र विंडोज ११ घेणार नाही. नवे यंत्र घेण्याऐवजी त्यावर लिनक्स मिंट टाकायचे चालले आहे. लाझारस तिथेही चालते आणि क्लासचे युनिट फॉर्मपासून अलग असल्यामुळे त्याला हात लावावा लागलेला नाही. दोन फॉर्मवर अक्षरांची मापे बदलली, तेवढी सारखी केली. राहिला आहे तो पावतीचा जुना प्रिंटर, त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर अजून लागत नाही. तो आषाढापर्यंत लागला नाही, तर पावती पीडीएफ करून फोनवर पाठवायची, असे काकांनी ठरवले आहे.